डाव्या कुशीचे बंद

१४ जानेवारी १९१२, रविवार. कुंभकोणम्

वर्षाची वही तेरा दिवस उशिरा सुरू करणारा माणूस कॉलेजात इतिहास शिकवतो. चालायचेच. बावीस वर्षे शिकवतो आहे आणि बावीस वर्षे त्याच टिपणांवरून.

कॉलेजात मी इंग्रजी बोलतो, बाजारात तमिळ. घरात अक्का आहे, माझी थोरली बहीण भुवनेश्वरी; पण तिच्याशी बोलणे म्हणजे "ताक वाढ" आणि "पुरे". आमची मराठी तंजावरच्या राजांबरोबर इकडे आली आणि आता माझ्या तोंडात गंजत पडली आहे. तिला रोज थोडी चालवावी, एवढाच या वहीचा हेतू.

माझी बायको सीतालक्ष्मी, तिला जाऊन दोन वर्षे झाली. मूलबाळ नाही. अक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती आता त्रेपन्नची आहे, कडक सोवळ्यातली. दुपारी ती ओसरीवर एकटीच पल्लांगुळी खेळते. दोन्ही बाजूंना सात सात खळगे असलेली लाकडी पाटी, त्यात चिंचोके. खेळ दोघांचा, पण अक्का एका बाजूने उजव्या हाताने खेळते, दुसऱ्या बाजूने डाव्या. डावी बाजूच नेहमी जिंकते. असे कसे, म्हणून मी एकदा विचारले, तर म्हणाली, "ती बाजू चांगली खेळते." बायकांच्या खेळात मला फारसे कळत नाही.

पण मुख्य गोष्ट शुक्रवारची. प्रिन्सिपॉलसाहेबांनी एका पुस्तकातले चित्र दाखवले: प्राचीन ग्रीकांच्या मडक्यावरचा एक सैनिक. अंगात छातीपासून कमरेपर्यंतचे चिलखत, दोन्ही खांद्यांवरून पुढे आलेल्या दोन रुंद पट्ट्या. मी म्हणालो, हे कांस्याचे दिसत नाही, कापडाचे असावे. साहेब हसले. कापडाने भाला अडत असता तर, म्हणाले, आमच्या धोब्यालाच सेनापती केला असता. सगळे हसले. मीही हसलो, याची आता लाज वाटते.

कारण माझे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात सिलेखान्याचे कारकून होते. राज्य खालसा झाले, सिलेखाना मोडला, आणि गाड्या भरभरून शस्त्रे गेली, तेव्हा यादी करायला तेच बसले होते. ते सांगत की यादीत शेवटी कापूस भरून टाचलेले अंगरखे होते. तलवारी मोजून घेतल्या, अंगरखे कोणी उचललेसुद्धा नाहीत. कापूस बाण अडवतो हे त्या गोऱ्या अधिकाऱ्याला पटेना.

मी साहेबांना म्हणालो, सिद्ध करून दाखवतो. ते म्हणाले, मद्रासच्या विद्वत्सभेत २७ एप्रिलला एक जागा रिकामी आहे, तेथे निबंध वाचा. आणि चिलखत घालूनच वाचा. मी हो म्हणून बसलो आहे.

२८ जानेवारी, रविवार

ग्रीक कापड म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचे. आपल्याकडे ते विणत नाहीत. पण बदलून गेलेल्या गोऱ्या जज्जाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात जेवणाच्या टेबलावर अंथरायच्या चार चादरी मिळाल्या. अस्सल तेच कापड, दाट विणीचे. एकीवर हळदीचे डाग आहेत आणि दुसरीवर कशाचे आहेत ते न विचारलेले बरे.

अक्काने मात्र विचारले. मग तिने चादरींना दारातून आत येऊ दिले नाही. माझी प्रयोगशाळा आता परसातल्या गोठ्यात आहे, आमच्या एकुलत्या एका गाईशेजारी. चादरींना हात लावला की स्नान केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. परवा तीन वेळा स्नान झाले. इतका स्वच्छ मी मुंजीतही नव्हतो.

तिची कुरकुर चालू असते, पण गोठ्यातून निघालो की विहिरीपाशी ऊन पाण्याचे तपेले तयार असते. विहिरीचे पाणी मला बाधते हे तिला कोणी सांगितले, कोण जाणे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

भाताची पेज आटवून खळ केली आणि कापडाचे चार थर एकावर एक चिकटवले. वाळल्यावर फळीसारखे झाले. आनंदाने अक्काला दाखवायला माजघरात नेले, तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

"गुरु, तें भाताचें आहे. खरकटें. माझ्या सोंवळ्यांत आणूं नको."

म्हणजे चिलखत आता दोनदा बाटले, एकदा साहेबाच्या जेवणाने आणि एकदा आमच्या भाताने. पुन्हा गोठा, पुन्हा स्नान.

खरी अडचण वेगळीच आहे. चित्रात सैनिक समोरून दिसतो. चिलखत कोठे उघडते, कोठे बांधतात, पाठीमागे काय असते, काही कळत नाही. अशी मडकी लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि ती डोळ्यांनी पाहिलेला माणूस आमच्याच गल्लीत, समोरच्या रांगेत राहतो. गणिताचे शेषाद्री राव. आमची टेबले स्टाफरूममध्ये एका खिडकीशी आहेत. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

वहीत खोटे लिहिण्यात अर्थ नाही, तेव्हा कारण लिहितो. शेषाद्री माझा बालमित्र. तो दोन वर्षे विलायतेत शिकून १९०८ साली परत आला. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घे, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. तो म्हणाला, मी पाप केलेले नाही. मग गल्लीतल्या सतरा घरांनी मिळून कागद केला, की शेषाद्रीच्या घरी कोणी जेवू नये, त्याला जेवायला बोलावू नये, त्याच्याकडे बायकांनी जाऊ-येऊ नये. माझे मोडी अक्षर चांगले म्हणून कागद मला लिहायला सांगितला. मी फक्त लिहिला. सही सगळ्यांत शेवटी केली. अक्का त्या वेळी शेषाद्रीच्याच ओसरीवर बसली होती, तिला रस्त्यावरूनच हाक मारून घरी आणले. ती मुकाट्याने उठून आली. प्रकरण तेथेच मिटले.

पुढच्या वर्षी त्याची आई, अलमेलूमावशी, वारली. तेराव्याला जेवायला ब्राह्मण तिरुविसनल्लूरहून आणावे लागले असे ऐकले. मी त्या दिवशी कॉलेजात होतो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

गाईने चिलखताचा डावा खांदा खाल्ला.

पंधरा दिवसांचे काम. पेजेचा वास लागला असणार. उजवा खांदाही चाटून लिबलिबीत करून ठेवला आहे, आणि उरलेल्यात मुंग्या. मी गोठ्यात डोक्याला हात लावून बसलो असता अक्का दाराशी आली आणि म्हणाली, गाईच्या पोटात गेलें, शुद्ध झालें. ती हसली की काय, मला नक्की दिसले नाही. ती हसताना कशी दिसते हे मी विसरलो आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चालत दारासुरमला गेलो. तेथला विणकर त्यागराज आमच्या घरी पूर्वीपासून लुगडी देतो. त्यांची पटणूली आणि आमची मराठी यांच्यात चुलत नाते आहे. निम्मे त्याच्या भाषेत, निम्मे माझ्या भाषेत आणि उरलेले हातवाऱ्यांनी, असे बोलणे होते. रस्त्याच्या कडेने सुताचा लांबच लांब ताणा पसरला होता आणि घरातली सगळी माणसे दोन्ही बाजूंनी कुंचल्याने त्याला पेज लावत होती. एकाने एकीकडून हात फिरवायचा, तेव्हाच समोरच्याने दुसरीकडून. मी पुष्कळ वेळ पाहात उभा राहिलो.

भाताची खळ सुतासाठी, म्हणाला. जाड कापडाला चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, तांबडे टरफल काढायचे, भिजवून वाटायचे, शिजवायचे, आणि त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड आणि गुरे दोन्ही दूर राहतात.

चिंचोका शिजला तर खरकटे होत नाही, भात शिजला तर होते. शास्त्र मी लिहिलेले नाही, पण या वेळी ते माझ्या बाजूचे निघाले. अक्काने पदर खोचला आणि स्वतः वाटायला बसली. नवी चिंच अजून बाजारात आलेली नाही. तिच्या मडक्यातले चिंचोके पुरले नाहीत, तेव्हा आत गेली आणि पल्लांगुळीच्या पाटीतलेही ओतून घेऊन आली. वर्षानुवर्षे हाताळून ते काळे चकचकीत झाले होते. भाजताना चांगले तडतडले.

३ मार्च, रविवार

खळ अप्रतिम. आठ थर झाले. गाय हुंगून तोंड फिरवते.

अक्का अलीकडे दुपारी ओसरीवर नुसतीच बसलेली असते, हात मांडीवर ठेवून. वय होत चालले.

१७ मार्च, रविवार

चौदा थर पुरे झाले. देवळाच्या म्हाताऱ्या राखणदाराकडून भाला मागून आणला, चिलखताचा छातीचा भाग फणसाच्या बुंध्याला बांधला आणि पंधरा पावलांवरून सगळ्या ताकदीने फेकला. पहिल्यांदा झाडालाच लागला नाही. चौथ्यांदा बरोबर मध्यावर बसला. जाऊन थर सोडवून पाहिले: नऊ फाटले होते, पाच शाबूत होते. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. आजोबा, तुमची यादी बरोबर होती.

मी परसात एकटाच नाचलो हे येथे नोंदवून ठेवतो. मग वाटले, कोणाला सांगावे. आत अक्का जपाला बसली होती. सीतालक्ष्मी असती तर तिने आधी विचारले असते की भाला कोणाच्या पायावर पडला नाही ना. मी पायरीवर बसलो आणि मला रडू आले. फणसावर कावळा होता, त्याने सगळे पाहिले.

सीतालक्ष्मीच्या दहनाच्या दिवशीची एक गोष्ट आज उगाच आठवली. कावेरीच्या घाटावर गल्लीतली सगळी मंडळी होती, आणि लांब, धोब्यांच्या दगडापाशी, शेषाद्री उभा होता. आम्ही निघेपर्यंत उन्हात तसाच उभा. त्या दिवशी रविवार होता, कॉलेज नव्हते. तेथे त्याचे काय काम होते, मला समजले नाही.

१८ मार्च, सोमवार

आज स्टाफरूममध्ये शेषाद्रीच्या दौतीतली शाई संपली. मी माझी दौत त्याच्याकडे सरकवली. त्याने टाक बुडवला, लिहिले, दौत परत सरकवली. भाल्याचे सांगावे असे फार वाटले. मी टिपणे उचलून वर्गावर गेलो.

८ एप्रिल, सोमवार

जखमी झालेली छाती दुरुस्त केली, खांद्याच्या पट्ट्या शिवल्या, बंद लावले. आता निबंधाला फक्त एक गोष्ट हवी: हे अंगात घालता येते.

ते येत नाही. अंगाभोवती गुंडाळले तर उघडी बाजू डाव्या कुशीत येते. तेथले बंद उजव्या हाताने बांधावे तर चिलखत कडक, हात वळत नाही. डाव्याने बांधावे तर तो हात त्याच कुशीतला. खांद्याची पट्टी पाठीकडून पुढे ओढून धरावी, तर दुसरी सुटून कानाशी ताठ उभी राहते. खिडकीच्या गजाला बंद अडकवून पाहिला, गाईच्या दाव्यालाही अडकवून पाहिला. अक्काला सांगण्यात अर्थ नाही, सोवळ्यात ती या कापडाला शिवणार नाही. त्यागराज लग्नासाठी मदुरेला गेला आहे, तो महिन्याने येणार.

हजारो माणसे हे घालून लढायला जात होती. ती काय करत असतील?

१४ एप्रिल, रविवार

आज जे झाले ते लिहिताना कान तापले आहेत. तरी लिहितो.

मला युक्ती सुचली. आधी सगळे बंद बांधून घ्यायचे आणि मग बंडीसारखे डोक्यावरून चढवायचे. जन्मभर बंडी घातलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार. डोके आत गेले, दोन्ही हात वर गेले, खांदे अडकले. पुढेही जाईना, मागेही येईना. हात आभाळाकडे, तोंड आत, डोळ्यांपुढे साहेबाची चादर, नाकात चिंचोक्याचा वास. एप्रिलची दुपार. अर्धा तास असावा. मोठ्याने ओरडायची लाज वाटली, म्हणून हळू ओरडलो. गाईने उत्तर दिले.

शेवटी अक्काचा आवाज दारातून आला. मी आतून सांगितले, ओढ. ती म्हणाली, मला शिवतां येत नाही. मी म्हणालो, शेजारच्या कोणाला तरी बोलाव. मग तिने जे म्हटले ते शब्दाला शब्द असे:

"दुसऱ्या कोणास बोलावूं तर तो हात लावायच्या आधीं गल्लीभर होईल. शेषाद्रीस बोलावतें. त्यास आतां बाटायला काय उरलें आहे?"

मी आतून नको नको म्हणत होतो. तिची पावले निघून गेली. जी बाई चार वर्षांत नदीखेरीज कोठे गेली नाही, ती भर दुपारी रस्ता ओलांडून त्याच्या पायरीखाली उभी राहिली. आत पाऊल टाकले नाही म्हणे, खालूनच हाक मारली.

मग एका माणसाचे हात माझ्या कुशीला लागले. दोन वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता, हे मला त्या वेळी कळले. त्याने डावे बंद सोडले. चिलखत पुस्तकासारखे उघडले आणि मी बाहेर आलो. समोर शेषाद्री, केस पिकलेले. तो माझ्याकडे पाहात नव्हता, चिलखताकडे पाहात होता.

"हें कोण केलें? तुम्हीच?" त्याने विचारले. पूर्वी मला तू म्हणायचा.

मग त्याने मला उभे केले. उघडे चिलखत उजवीकडून अंगाभोवती आणले, डाव्या कुशीत तीन बंद बांधले, मागे जाऊन एकेक पट्टी खांद्यावरून खाली ओढली आणि छातीवर बांधली. चार श्वासांचे काम. वर म्हणाला, थोडा वेळ असेच राहा, अंगाच्या उबेने ते मऊ होईल. आणि खरेच झाले. लंडनला रविवारी त्याच्याशी बोलायला कोणी नसे, म्हणून तो संग्रहालयात जाऊन त्या मडक्यांपुढे उभा राहात असे. एका मडक्यावर एक सैनिक नुसता उभा आहे आणि दुसरा त्याच्या कुशीतले बंद बांधतो आहे. तेच मडके तो सगळ्यांत जास्त वेळ पाहायचा.

म्हणजे दोन महिने मी ज्याला अडचण समजत होतो तोच शोध होता. हे चिलखत एकट्याने घालता येत नाही. निबंधाचे शेवटचे वाक्य मिळाले.

मी त्याला म्हणालो, मद्रासला माझ्याबरोबर चल, सभेपुढे बंद बांधायला. तो हात पुसत होता.

"येतों. पण त्याच्या आधीं एक दिवस आमच्या घरीं जेवायला या. पुढच्या दारानें. दिवसा."

आणि निघताना, अगदी सहज: "कागद तुमच्या अक्षरांत होता. मला तेव्हांच ठावें झालें."

१७ एप्रिल, बुधवार

हिशेब मांडून पाहतो. जेवायला गेलो नाही तर मद्रासला हातात चादरी घेऊन उभा राहीन आणि साहेब हसतील. गेलो तर सतरा घरे माझे पाणी तोडतील. अक्का मला तिच्या स्वयंपाकघरात घेणार नाही. घेऊ शकणार नाही. या घरात दोन माणसे आहेत, त्यांच्यात भिंत उभी राहील. एका निबंधासाठी?

मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ उत्तरे दिली. कागद मी केला नाही, लिहिला. मी नसतो लिहिला तर दुसऱ्याने लिहिला असता. वाईट अक्षरात लिहिला असता, एवढेच.

१९ एप्रिल, शुक्रवार

अक्काला विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला जेवायला बोलावलेंय. मला काय विचारतोस?"

मला भीती वाटते. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, शेजाऱ्यांना भितो.

२१ एप्रिल, रविवार

गेलो. अकरा वाजता, पुढच्या दाराने. गल्लीतल्या प्रत्येक ओसरीवर कोणी ना कोणी होते आणि एकेक पंखा हलायचा थांबत गेला. साठ पावले आहेत. मी मोजली.

शेषाद्रीच्या बायकोने, मंगलाने, वाढले. डांगर पचडी, आंबट वरण, वाटली डाळ, सुरळी पोळ्या. या घरात गल्लीतले कोणी जेवायला बसल्याला चार वर्षे झाली होती.

माजघराच्या कोनाड्यात स्वच्छ फडक्याखाली काहीतरी झाकलेले होते. हात पुसायला काही असेल असे वाटून मी फडके उचलले. खाली पल्लांगुळीची पाटी होती, खळग्यांत चिंचोके, कोठे पाच, कोठे दोन, काही रिकामे.

"तें हलवूं नका," शेषाद्री म्हणाला. "आईचा डाव आहे. भुवना येईपर्यंत मोडूं नका, म्हणून सांगून गेली."

मंगला दर शुक्रवारी वरचे फडके बदलते. चिंचोक्यांना हात लावत नाही.

कोणत्या दिवशीचा डाव, हे मी विचारले नाही. रस्त्यावरून हाक मारणारा मीच होतो. अक्का मुकाट्याने उठली असे मी या वहीत लिहिले आहे. ती पाळी टाकून उठली होती. चार वर्षे ती डाव्या हाताने कोणासाठी खेळत होती, तो हात का जिंकायचा, आणि खळीत मी कोणते चिंचोके शिजवले, हे सगळे मला पानावर बसल्या बसल्या कळले.

मी म्हणालो, "तो कागद मी लिहिला. अक्काला येथून उठवून मीच नेलें. माझें चुकलें, शेषाद्री."

त्याने माझ्या पानाकडे पाहिले. मग मंगलाला म्हणाला, "गुरूला ताक वाढ."

संध्याकाळी अक्काने माझे पान मागच्या पडवीत मांडले. मी ते धरूनच चाललो होतो. दुरून वाढले, आणि मग आत जायच्याऐवजी दोन हातांच्या अंतरावर खाली बसली. काय केलें होतें, विचारले. मी सगळे पदार्थ सांगितले. मग पाटीचे सांगितले. तिने हातातली पळी खाली ठेवली.

"माझ्या बाजूच्या तिसऱ्या खळग्यांत किती होते?"

मी मोजले नव्हते.

"सात," ती म्हणाली. "पाळी माझी."

२२ एप्रिल, सोमवार

सकाळी मी निबंधाची नक्कल करत होतो. शनिवारी सभा, शुक्रवारी शेषाद्री आणि मी निघणार. माझ्याविरुद्ध कागद होणार असे दूधवाला सांगून गेला. आता तो लिहायला गल्लीत चांगले अक्षर कोणाचे आहे, हा त्यांच्यापुढे प्रश्नच असेल.

वर पाहिले तर अक्का पुढच्या दाराशी उभी, हातात माझी छत्री. मी म्हणालो, नीट विचार कर, तुझे जन्माचे सोवळे आहे. ती म्हणाली, लुगडें पुन्हा धुतां येतें, आणि ऊन चढायच्या आधीं चल.

मी छत्री धरली. साठ पावलांना तिला पुष्कळ वेळ लागला. पायरीशी ती थांबली नाही, सरळ आत गेली. मंगलाने पाटी कोनाड्यातून जशीच्या तशी उचलून आणली, पाण्याने भरलेले भांडे आणावे तशी, आणि ओसरीवर ठेवली. समोर आईच्या जागी शेषाद्री बसला. त्याला खेळ येत नाही, हे त्याने आधीच सांगितले. अक्का म्हणाली, येईल.

तिसऱ्या खळग्यात सातच होते. तिने ते उजव्या हाताने उचलले आणि एकेक टाकत गेली. मग शेषाद्रीची पाळी आली आणि तो विचार करत बसला. अक्का वाट पाहात होती. डावा हात तिने पदराखाली ठेवला होता.